जाळी बदलून देऊ का?

कोट आधी प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे,
गाठ मारायची, पिशवी बाकाखाली सरकवायची.
तरी घरी गेल्यावर दोन दिवस वास येतोच.
आई असताना ती सगळ्यांचे कोट
बाल्कनीत टांगायची, ओळीने, बर्फात,
शिक्षा केल्यासारखे.

आज चौघंच.
बाबा, मी, धाकटा सेइगो
आणि त्याची कान्ना, वय वर्षं नऊ,
मागच्या महिन्यापासून गाय खात नाही.
"मग डुक्कर?" बाबांनी विचारलं.
ती विचारात पडली.
खरोखरच पडली.

पोरगा निखाऱ्यांचं घमेलं आणतो,
टेबलाच्या मधल्या खड्ड्यात बसवतो.
बाबा पुढे झुकतात,
जाळीच्या वीतभर वर पंजा उपडा धरतात
आणि ओठांत आकडे मोजतात.
अडतीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर.
रंग बघून आच सांगायचे:
हा संत्र्याचा, हा लिंबाच्या सालीचा,
हा पांढरा, तोंड फिरव.
कान त्या भट्टीनंच नेले.
"अजून थांबा," ते म्हणतात.
शेजारच्या टेबलावर दुसरी फेरी सुरू असते.
आम्ही थांबतो.

आधी जीभ. नुसतं मीठ, वर लिंबू.
कडा वळू लागल्या की उलटायची, एकदाच.
जीभ दोनदा उलटायची नाही, बाबांचा नियम.
हे ते मांसाबद्दलच बोलतात ना,
आम्ही कधी विचारलं नाही.

चिमटा त्यांच्याच हातात.
एक तुकडा माझ्या वाटीत, एक सेइगोच्या,
कोपऱ्यात फॉइलच्या द्रोणात
कान्नाचा मका लोण्यात तडतडतोय.
त्यांचा स्वतःचा भात पांढराच्या पांढरा,
निवत चाललेला.
आई आपल्या वाटीतलं उचलून
न बोलता त्यावर ठेवायची, मग ते जेवायचे.
मला हे माहीत होतं.
माझे हात टेबलाखाली होते.

सेइगोनं नेमकी हीच वेळ निवडली.
"बाबा, तो जिना आता तुम्हाला झेपत नाही.
घर विकून टाकू.
सप्पोरोत माझ्या इमारतीत एक खोली
बघून ठेवली आहे, तळमजल्यावर..."
चरबीचा थेंब पडला.
भडका वीतभर वर आला, कान्ना मागे सरली.
"बर्फ!"
बाबांनी पाण्याच्या ग्लासातले खडे बोटांनीच काढले,
एकेक करून जाळीवर ठेवले.
चर्र. धूर. डोळ्यांत पाणी, सगळ्यांच्याच.
धूर विरला तेव्हा
सेइगोचं वाक्य कुठे तुटलं होतं
ते त्यालाच सापडेना.

"जाळी बदलून देऊ का?"
"हो," सेइगो म्हणाला.
"नको," बाबा म्हणाले.
पोरगा आकडा हातात धरून दोघांकडे बघत राहिला,
मग बिल कोण देणार ते ओळखून
काळी जाळी उचलून घेऊन गेला.

नवी आली. चकचकीत, थंड.
"नव्या जाळीला मांस चिकटतं,"
बाबा कुणालाच न सांगता म्हणाले
आणि चरबीचा एक पांढरा तुकडा
तिच्यावर फिरवत बसले,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
बराच वेळ,
घाई नसल्यासारखे.

चिमटा त्यासाठी लागला नाही, काड्यांनीच भागलं.
तो कान्नानं घेतला.
द्रोण तिरपा झाला, अर्धा मका सांडला,
उरलेला तिनं आजोबांच्या भातावर ओतला.
काही दाणे करपलेले.
त्यांनी वाटी तोंडाशी नेली
आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवली नाही.

बाहेर पडताना काउंटरवर पुदिन्याचं च्युइंगगम.
बाबांनी मूठभर घेतलं,
फुकट आहे म्हणून.

गाडीत हीटर मोठा, काचा धुरकट.
सेइगोनं पुन्हा एकदा सुरुवात केली,
"त्या खोलीचं काय ठरवताय?"
बाबा खिडकीबाहेर.
पुढच्या सिग्नलला कान्ना मागच्या सीटवरून
हळूच, जवळजवळ स्वतःशीच म्हणाली,
"आजोबांच्या टोपीला
रोजच असा जळका वास येतो."

"रोजच," बाबा म्हणाले,
मागे न वळता.